‘नफा वाढला का?’ या प्रश्नाला दोन विधाने पुरतात का?

धागालेखक (लातूर)

गेल्या आठवड्यात इथल्या एका अभ्यासिकेत, बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना मी माहिती-पर्याप्ततेचा, म्हणजे दिलेली विधाने उत्तरासाठी पुरेशी आहेत का हे ठरवण्याचा, एक प्रश्न घातला. ‘एका दुकानाचा नफा यंदा वाढला का? विधान १: उत्पन्न गेल्या वर्षापेक्षा २० टक्क्यांनी वाढले. विधान २: खर्च १० टक्क्यांनी वाढला.’ बहुतेकांनी उत्पन्न १०० आणि खर्च ८० धरून वहीत आकडेमोड केली, नफा २० वरून ३२ वर गेल्याचे दाखवले आणि ‘दोन्ही विधाने मिळून पुरेशी’ हा पर्याय निवडला. उत्तर बरोबर आहे. मात्र अशा प्रश्नात आकडेमोड करत बसणे हीच चूक आहे, असे माझे ठाम मत आहे. कारण येथे उत्तर काढायचे नसून ते निघू शकते की नाही, एवढेच ठरवायचे असते. उत्पन्नाचा वेग खर्चापेक्षा अधिक आहे हे दिसले की पुढच्या प्रश्नाकडे वळावे.

शिक्षिका (परभणी)

सर, उत्तरच मला मान्य नाही. दुकान गेल्या वर्षी फायद्यात होते, असे प्रश्नात कुठेही म्हटलेले नाही. उत्पन्न १०० आणि खर्च ३०० धरून पाहा: तोटा २००. यंदा उत्पन्न १२०, खर्च ३३० आणि तोटा २१०. खर्च कमी वेगाने वाढूनही तोटा वाढलाच. मुलांनी एकच उदाहरण घेतले आणि तिथेच थांबले. माहिती अपुरी ठरवायची तर दोन निराळी उत्तरे देणारी दोन उदाहरणे शोधावी लागतात, आणि ती आकडेमोडीशिवाय सापडत नाहीत.

धागालेखक

‘नफा’ हा शब्द वापरला म्हणजे नफा होताच, असे गृहीत धरणे स्वाभाविक आहे. उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक खर्च होणारा व्यवसाय कोण चालवतो?

आडत व्यवसायातील वाचक (उदगीर)

शेतकरी चालवतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी बी, खत आणि पेरणीचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो, मग पाऊस दडी मारतो आणि घरी दोन पोती सोयाबीन येते. उत्पन्नाच्या तिप्पट खर्च हे आमच्याकडे काल्पनिक उदाहरण नव्हे. आडतीवर आम्ही शेतकऱ्याचा माल विकून देतो आणि हमाली व तोलाई वजा करून त्याला पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, देतो. पट्टीवर हाती पडणारी रक्कम असते, पण बियाण्याचे, फवारणीचे, मजुरीचे पैसे नसतात, म्हणून नुसत्या पट्टीवरून त्याला नफा झाला की नाही हे सांगता येत नाही.

एका बाबतीत मात्र मी धागालेखकांच्या बाजूचा आहे. खर्च आणि उत्पन्न यांचे प्रमाण ३:४ दिले असेल, तर नफा उत्पन्नाच्या २५ टक्के आहे हे कळायला एकाही रुपयाचा आकडा लागत नाही.

शिक्षिका

प्रमाण दिलेले असेल तेव्हा खरेच लागत नाही. पण तोच प्रश्न ‘नफा किती टक्क्यांनी वाढला?’ असा विचारा. आता दुकान फायद्यात असले तरी दोन विधाने पुरत नाहीत: खर्च ८० असेल तर नफा २० वरून ३२, म्हणजे ६० टक्के वाढ, खर्च ६० असेल तर ४० वरून ५४, म्हणजे ३५ टक्के. दोन्ही टक्केवाऱ्या दिल्या आहेत ना, एवढ्या भरवशावर माझे विद्यार्थी इथे ‘पुरेशी’ला खूण करतात.

धागालेखक

माझ्या प्रश्नात ‘गेल्या वर्षी फायद्यात असलेल्या’ हे शब्द राहून गेले, हे मान्य करतो; उद्याच फळ्यावर दुरुस्त करीन. तरीही मुलांनी आकडे धरत बसण्यापेक्षा अक्षरे मांडावीत, या मतावर मी कायम आहे. उत्पन्न ‘उ’ आणि खर्च ‘ख’ मानले, तर नफ्यातील वाढ ०.२उ − ०.१ख इतकी होते, आणि ती धन असण्यासाठी ‘ख’ हा ‘२उ’पेक्षा कमी हवा. तुमचे ३०० रुपयांचे उदाहरण या एका ओळीतच दिसते, ते शोधत बसावे लागत नाही.