मदत हवी आहे: त्वचेतील निवासी स्मृती टी पेशी वर्षानुवर्षे कशाच्या आधारावर टिकतात?

नमस्कार. रोगप्रतिकारशास्त्राच्या अभ्यासासाठी मी त्वचेतील निवासी स्मृती टी पेशींवर (पूर्वीच्या संसर्गाची आठवण ठेवून मुख्यतः त्वचेतच राहणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर) टिपण लिहीत असून एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

या पेशी त्वचेत कशा स्थिरावतात, ते बऱ्यापैकी समजले आहे. लसिकाग्रंथीत सक्रिय झालेल्या टी पेशींवर सीएलए, सीसीआर४ असे रेणू येतात आणि त्यामुळे त्या रक्तातून त्वचेकडे वळतात. तेथे केराटिनोसाइट (बाह्यत्वचेच्या मुख्य) पेशींनी सक्रिय केलेल्या टीजीएफ-बीटा आणि आयएल-१५ या संदेशवाहक प्रथिनांच्या प्रभावाने त्यांतील काही कायमच्या वस्तीला राहतात. ऊतकातून बाहेर पडण्यासाठी लागणारा एस१पीआर१ हा ग्राहक सीडी६९ या प्रथिनामुळे पेशीच्या पृष्ठभागावरून हटतो, तर टी पेशीवरील सीडी१०३ हे प्रथिन बाह्यत्वचेच्या पेशींवरील ई-कॅडहेरिनला चिकटून राहते. निरोगी प्रौढ माणसाच्या त्वचेत सुमारे २० अब्ज टी पेशी असतात, म्हणजे रक्तातील टी पेशींच्या जवळजवळ दुप्पट, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला होता.

अडचण पुढे आहे. अलेम्टुझुमॅब (टी पेशी नष्ट करणारे प्रतिपिंड औषध) दिल्यावर रक्तातील टी पेशी जवळपास नाहीशा होतात, तरी त्वचेतील निवासी पेशी शिल्लक राहतात. म्हणजे त्यांना रक्तातून सतत भर मिळण्याची गरज नसावी. उलट २०१९ मध्ये सीडी१०३ असलेल्या काही सीडी४ (मदतनीस टी) पेशी मानवी त्वचेतून निघून पुन्हा रक्तात फिरताना आढळल्या. मग त्वचेतील साठा टिकतो तो प्रत्येक पेशीच्या दीर्घायुष्यामुळे, की जागच्या जागी होणाऱ्या संथ विभाजनामुळे? आणि सीडी४ व सीडी८ (मारक टी) पेशींसाठी याचे उत्तर वेगवेगळे आहे का?

हा प्रश्न मला केवळ सैद्धांतिक वाटत नाही. बऱ्या झालेल्या सोरायसिसच्या चट्ट्यातही अशा पेशी उरतात आणि आजार बहुतेकदा त्याच जागी उलटतो, हे रुग्णांच्या दृष्टीने फार क्लेशकारक आहे. उंदरांमधील कोडाच्या प्रारूपात आयएल-१५चा संदेश सीडी१२२ या त्याच्या ग्राहकाच्या घटकावर अडवल्यावर निवासी पेशी घटल्या आणि त्वचेचा रंग परतला. मात्र उंदराच्या बाह्यत्वचेत मुळातच गॅमा-डेल्टा टी पेशींची (वेगळ्या प्रकारचा ग्राहक असलेल्या टी पेशींची) दाट वस्ती असते, तशी ती माणसात नसते. त्यामुळे उंदरातील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावावा, असे मला वाटत नाही.

मानवी त्वचेच्या नमुन्यांत या पेशींचे विभाजन किंवा आयुर्मान थेट मोजणारे संशोधन कोणाला माहीत असल्यास त्याची पद्धत आणि निष्कर्ष कृपया सविस्तर सांगावेत.