मदत हवी आहे: स्मोकलेस ठासणीच्या रायफलची तिसरी गोळी दरवेळी भरकटते

मिशिगनच्या डिसेंबरमधल्या मझललोडर (नळीच्या तोंडातून ठासून भरायची बंदूक) शिकार हंगामासाठी नवी रायफल आहे. .५० बोअर, २०९ प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), स्मोकलेस (काळ्या दारूऐवजीची आधुनिक, जवळपास बिनधुराची) पावडर चालते असं कंपनीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं. .४५२ ची २५० ग्रेन (वजनाचं बारीक एकक) गोळी, प्लॅस्टिकच्या सॅबोत, म्हणजे गोळीभोवतीच्या कपासारख्या वेष्टणात. १०० यार्डांवर पहिल्या दोन गोळ्या एकमेकींच्या इंचभरात, तिसरी तीन-चार इंच दूर. मॅन्युअलच्या मर्यादेत राहून पावडर अर्धा-अर्धा ग्रेन बदलून पाहिलं, फरक नाही. दोन बारांमध्ये तीन मिनिटं थांबतो. आता पावडरच बदलू का?

प्रतिसाद १
पावडरला हात लावू नका. दोन बारांनी नळी तापते, तिसरा सॅबो ठासतानाच मऊ पडतो आणि मागून गॅस निसटतो. तीन मिनिटं फारच कमी. ब्रीचजवळ (नळीच्या मागच्या टोकाशी) तळहात ठेवून नळी गार लागली की मगच पुढचा बार, मग तीन गोळ्यांना अर्धा तास का लागेना. तसंही हरणावर जाते ती गार नळीतली पहिलीच गोळी. प्रत्येक फेरीतली पहिली गोळी एकाच कागदावर घ्या. पाच फेऱ्यांनंतर दिसेल तो खरा ग्रूप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका).

रेंजवर पुढे पडलेले सॅबो गोळा करून क्रमाने ठेवा. पाकळ्या सारख्या उघडलेल्या आणि तळ अखंड हवा.

प्रतिसाद २
वरचं पटलं. भर इतकीच, की सॅबो सळईच्या हलक्या दाबाने सरकत असेल तर तो सैल आहे. स्मोकलेस नीट पेटायला समोर अडथळा लागतो. सैल सॅबोने वेग कमी-जास्त होतो, कधी बार उशिरा उडतो. थोडा घट्ट सॅबो घ्या, पण मग पावडरचं वजन पुन्हा मॅन्युअलच्या सुरुवातीच्या आकड्यापासून. प्रायमर बदललात तरी तेच.

तिथून एकेक ग्रेन चढा, प्रत्येक वजनाला तीन गोळ्या. एखादा सुंदर ग्रूप बघून भुलू नका. लागोपाठच्या दोन वजनांच्या गोळ्या एकाच उंचीवर लागतात ती जागा धरा. कमाल आकड्याच्या पलीकडे अर्धा ग्रेनसुद्धा नाही.

प्रत्येक बाराची पावडर ०.१ ग्रेन दाखवणाऱ्या काट्यावर तोला. काळ्या दारूचं माप आकारमानाचं असतं. त्यात स्मोकलेस भरली तर नळी फुटते. सळईवर रिकाम्या आणि भरलेल्या नळीच्या दोन खुणा करा. गोळी पावडरवर टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते. पहिल्या बाराआधी कोरडी चिंधी फिरवून तेल काढा.

मूळ प्रश्नकर्ता
सॅबो सापडले. पहिले दोन धड, तिसऱ्याचा तळ एका बाजूने वितळलेला. ठासताना जोर मात्र चांगला लागतो.

प्रतिसाद १
मग सॅबोचं माप बरोबर आहे. पावडरचं आहे तेच वजन ठेवा, फक्त नळी गार होऊ द्या. आणि कोलोरॅडोला शिकारीचा बेत असेल तर ही जुळणी तिथे नेऊ नका. तिथल्या मझललोडर हंगामात स्मोकलेस आणि सॅबो, दोन्हींना बंदी आहे.