मदत हवी आहे : गुरूच्या कक्षेत उलट फिरणारा लघुग्रह
हवाईतील पॅन-स्टार्स दुर्बिणीने शोधलेला '२०१५ बीझेड ५०९' हा लघुग्रह गुरूइतक्याच काळात, म्हणजे सुमारे १२ वर्षांत, सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करतो. मात्र सर्व ग्रहांच्या उलट दिशेने. प्रत्येक फेरीत तो गुरूला दोनदा ओलांडतो, एकदा सूर्याकडच्या बाजूने आणि एकदा बाहेरून, त्यामुळे गुरूची एका वेळची ओढ दुसऱ्या वेळी भरून निघते, इथपर्यंत उलगडा होतो. अकिलीससारख्या, गुरूच्याच कक्षेत त्याच्या ६० अंश पुढे राहणाऱ्या ट्रोजन लघुग्रहांपेक्षा हा प्रकार मला कितीतरी अधिक विलक्षण वाटतो. परंतु या दोन भेटींच्या वेळची गुरूपासूनची अंतरे तंतोतंत सारखी नसताना उरलेली ओढ लाखो वर्षांत साठून त्याला कक्षेबाहेर का फेकत नाही? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे. समीकरणांसह सांगितल्यास अधिकच उत्तम.