व्हीएव्ही कंट्रोलर शून्य सीएफएम दाखवतोय, पण मीटिंग रूम गारठलीय – मदत हवी आहे

रेवा_बाणेर

नमस्कार मंडळी,

बाणेरच्या एका ऑफिस इमारतीत मी फॅसिलिटी बघते. शिक्षण इलेक्ट्रिकलचं, एसीचं काम करता करता शिकले. पाचव्या मजल्यावर एक एएचयू (गार हवा पुरवणारं मोठं युनिट) आहे आणि त्यावर 14 व्हीएव्ही बॉक्स (डॅम्पर, म्हणजे झडप, हलवून आपापल्या भागात जाणारी हवा कमीजास्त करणारे). बॉक्स जुनेच आहेत, फक्त त्यांवरचे कंट्रोलर या उन्हाळ्यात बदलले. तेव्हापासून मजल्यावर रोज तक्रारी.

मीटिंग रूमचा बॉक्स 7: सेटपॉइंट 24, खोलीत 19. बीएमएसवर (इमारतीची यंत्रणा दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर) एअरफ्लो शून्य आणि डॅम्पर 100 टक्के उघडा. खोली इतकी गार असताना डॅम्पर बंदीकडे जायला हवा ना? डिफ्यूझरखाली (छतातल्या हवेच्या जाळीखाली) हात धरला तर वारा चांगला लागतो, मग शून्य कसा? लोकांनी वैतागून डिफ्यूझरच्या दोन बाजूंना चिकटटेपने ए-फोर कागद लावलेत.

अकाउंट्सकडचा बॉक्स 11 बरोबर उलटा. बीएमएस म्हणतं 520 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), मागणीही 520, म्हणजे सगळं आलबेल. प्रत्यक्षात तिथे 27 अंश आहेत आणि दुपारनंतर माणसं टेबलफॅन लावून बसतात. बॅलन्सिंगवाल्यांचा हूड (डिफ्यूझरवर धरून हवा मोजायचं उपकरण) मागून आणला, तर तिन्ही डिफ्यूझर मिळून 330 च्या आसपास भरले.

तिसरी गोष्ट, सकाळी एएचयू सुरू झाला की 11 ते 14 हे बॉक्स बीएमएसवरून गायब होतात आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतात.

कंत्राटदाराचं म्हणणं, बोर्ड खराब निघालेत, सगळे बदलावे लागतील. कोटेशनही पाठवलंय. सही करण्याआधी मला स्वतःची खात्री करून घ्यायचीय. कुठून सुरुवात करू?

डक्टमित्र_दुबई

रेवाताई, सही करू नका. दुबईत मी टेस्टिंग-बॅलन्सिंगचं काम करतो. तुमची तिन्ही लक्षणं वेगवेगळ्या कारणांची दिसतात, आणि बोर्ड त्या यादीत सगळ्यात शेवटी येतो.

आधी बॉक्स 7. कंट्रोलरला खोली थेट कळत नाही असं समजा. खोलीच्या तापमानावरून तो फक्त किती सीएफएम हवेत ते ठरवतो आणि डॅम्पर हलवतो तो ते सीएफएम गाठण्यासाठी. खोली गार झाली की मागणी मिनिममवर येते, पण मिनिमम म्हणजे शून्य नव्हे. तुमच्याकडे ते समजा 150 आहे. कंट्रोलरला दिसतंय शून्य, हवेत 150, म्हणून तो बिचारा डॅम्पर उघडत जातो. पूर्ण उघडला तरी शून्यच दिसतं. खोली अजून गारठते, पण मागणी मिनिममच्या खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे डॅम्पर तसाच उघडा राहतो.

वारा आहे आणि रीडिंग शून्य, म्हणजे पहिला संशय नळ्यांवर. बॉक्सच्या तोंडाशी आत एक क्रॉससारखा फ्लो सेन्सर असतो, त्यातून दोन बारीक नळ्या कंट्रोलरकडे येतात. वाऱ्याच्या समोरच्या छिद्रांची हाय, दुसरी लो. कंट्रोलर बदलताना त्या उलट लागल्या की दाबाचा फरक वजा येतो आणि बरेच कंट्रोलर वजाला सरळ शून्य दाखवतात. फॉल्स सीलिंगची टाइल काढा आणि डिजिटल मॅनोमीटर (दाबाचा फरक मोजणारं मीटर) तिथेच लावा. वजा आकडा आला की निदान झालं. नळी दुमडलेली, चिरलेली किंवा धुळीने भरलेली असेल तर आकडा शून्याच्या जवळ येईल, वजा नाही.

नळ्या बदलल्यावर सेन्सर झिरो करायचा असेल तर पंखा बंद ठेवून करा. वारा चालू असताना केलेला झिरो पुढे महिनोन्‌महिने छळतो.

आणि हूड लावण्याआधी ते कागद काढा!

बॉक्स 11 साठी त्याच्या लेबलचा फोटो आणि कंट्रोलरमध्ये भरलेला के-फॅक्टर (दाबाच्या फरकावरून सीएफएम काढायचा त्या बॉक्सचा आकडा) टाका.

नियंत्रण_ठाणे

सकाळच्या गायब होण्याबद्दल मी सांगतो, बीएमएस पॅनेलचं काम करतो. सगळे याला नेटवर्कचा दोष समजतात. एमएसटीपीची (कंट्रोलर जोडणाऱ्या नेटवर्कची) वायर एका बॉक्सवरून दुसऱ्याकडे अशी साखळीतच जायला हवी, मधून फाटे नकोत. टर्मिनेशन (टोकाला लावायचा रेझिस्टर) 120 ओहमचं, फक्त दोन टोकांना. एकच पत्ता दोघांना दिलेला नसावा. हे सगळं बघाच. पण नेटवर्क बिघडलं असतं तर दिवसभर त्रास झाला असता. तुमचे बॉक्स नेमके सगळे डॅम्पर एकदम हलतात तेव्हा जातात, आणि जातात ते शेवटचे चार. मला वाटतं व्होल्टेज पडतंय.

एक सोपी खूण: परत ऑनलाइन आल्यावर त्या बॉक्सचा डॅम्पर आधी टोकापर्यंत जाऊन मग जागेवर येतो का? तसं असेल तर बोर्ड रीसेट झालाय, नुसता संपर्क तुटलेला नाही. सकाळी शेवटच्या बॉक्सवर मीटर लावून उभ्या राहा. 24 व्होल्ट एसी (अल्टरनेटिंग करंट) पॉवर साधारण 20 च्या खाली गेलं की बरेच बोर्ड मान टाकतात.

ट्रान्सफॉर्मर किती व्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा), त्यावर किती बॉक्स आणि वायर किती स्क्वेअर एमएमची, तेही कळवा.

हवामहल_नाशिक

तुमच्या पंख्याचा स्टॅटिक सेटपॉइंट (डक्टमध्ये राखायचा दाब) झोनच्या (एकेका बॉक्सच्या भागाच्या) मागणीवर खालीवर होतो का? आमच्याकडे असाच एक बॉक्स अख्खा एएचयू ओढत होता.

डक्टमित्र_दुबई

नाशिककरांनी महत्त्वाचा मुद्दा काढला. अ‍ॅश्रेच्या गाइडलाइन 36 मध्ये (एसी इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेची, पहिली आवृत्ती 2018 ची) नियम असा आहे: डॅम्पर 95 टक्क्यांच्या वर आणि हवा मागणीच्या निम्म्याहून कमी असेल तर तो झोन जास्त दाबासाठी तीन रिक्वेस्ट टाकतो. उलट नळ्यांचा बॉक्स दिवसभर तेच करणार. पंखा दाब वाढवत राहील, बाकीचे डिफ्यूझर शिट्टी वाजवतील आणि विजेचं बिल तुम्ही भराल.

रेवा_बाणेर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर शिडी लावली.

बॉक्स 7: मॅनोमीटरवर उणे 0.28 इंच (दाब पाण्याच्या इंचांत). नळ्या उलटच होत्या. जुन्या कंट्रोलरचं हाय डावीकडे होतं आणि नव्याचं उजवीकडे आहे, बसवणाऱ्याने डावी नळी डावीकडेच खोचली होती. अदलाबदल केली आणि डोळ्यांदेखत डॅम्परचा दांडा फिरायला लागला. दांड्याच्या टोकावरची खाच पात्याची दिशा दाखवते, ती बंदीकडे सरकत गेली. आज दुपारी खोलीत 23.5. मिनिमम खरंच 150 आहे, तेवढेच सीएफएम येतायत. आणि हो, आमचा पंखा झोनच्या मागणीवरच चालतो. गेले अनेक आठवडे स्टॅटिक 1.5 इंचावर अडकलेलं होतं, आज 0.9 वर उतरलंय. कागद मी माझ्या हाताने काढले.

बॉक्स 11: लेबलवर 8 इंच इनलेट, के-फॅक्टर 920. कंट्रोलरमध्ये भरलाय 1440. दाबाचा फरक 0.13 इंच.

व्होल्टेज: आज सकाळी बॉक्स 14 वर मीटर लावला. डॅम्पर हलायला लागले तसं 19.2 पर्यंत पडलं, आणि डॅम्पर आधी पूर्ण बंद होऊन मग उघडला, ठाणेकर दादांनी सांगितल्याप्रमाणेच. ट्रान्सफॉर्मर 100 व्हीएचा, त्यावर सात बॉक्स, अ‍ॅक्च्युएटर (डॅम्पर फिरवणारी मोटर) धरून प्रत्येकी 12 व्हीए. वायर 0.75 स्क्वेअर, शेवटचा बॉक्स जवळपास 50 मीटरवर.

डक्टमित्र_दुबई

गणित जुळलं. सीएफएम म्हणजे के-फॅक्टर गुणिले दाबाच्या फरकाचं वर्गमूळ, फरक इंचांत. 0.13 चं वर्गमूळ 0.36. त्याला 1440 ने गुणलं की 520 येतात, 920 ने गुणलं की 332. तुमच्या हूडने 330 सांगितलेच होते. कुणीतरी 10 इंचाच्या बॉक्सची फाइल 8 इंचाच्या बॉक्सवर चढवलीय. 920 भरा. बाकीच्या बॉक्सचं लेबलही एकेक करून तपासा, अशी चूक सहसा एकाच बॉक्सवर थांबत नाही.

नियंत्रण_ठाणे

84 व्हीए कागदावर 100 मध्ये बसतात, पण 0.75 ची वायर 50 मीटर जाऊन परत येते, म्हणजे अडीच ओहमच्या घरात. शेवटच्या चारांसाठी त्यांच्याजवळच वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवा. जोडताना एक पथ्य मात्र पाळा: एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या बोर्डांचं कॉमन (परतीचं टोक) एकाच वायरवर हवं. एका जरी बोर्डावर 24 व्होल्टचं टोक आणि कॉमन उलटले तर हाफ-वेव्ह रेक्टिफायरचे बोर्ड शॉर्ट होऊन जळतात, आणि मग कंत्राटदाराचं म्हणणं खरं ठरेल.

रेवा_बाणेर

920 भरले. आता बीएमएस आणि हूड जुळतात. डॅम्पर मात्र पूर्ण उघडा जाऊनही 400 च्या पुढे सरकत नाही. वर डोकावले तर इनलेटकडे येणारा फ्लेक्झिबल डक्ट केबल ट्रेखाली चेपलाय आणि बॉक्सच्या तोंडाशीच काटकोनात वळलाय. लेबल तपासताना बॉक्स 3 मध्येही 1440 सापडले.

कोटेशन परत पाठवलंय. नव्याने मागितलंय ते फक्त एक ट्रान्सफॉर्मर, वायर आणि फ्लेक्सचं काम. शनिवारी ऑफिस बंद असतं, तेव्हा करून घेते.

डक्टमित्र_दुबई

फ्लेक्स ताणून सरळ करा आणि इनलेटच्या आधी पत्र्याचा सरळ तुकडा बसवा, जमल्यास इनलेटच्या व्यासाच्या तिप्पट, म्हणजे तुमच्या 8 इंचाला दोन फूट. तोंडाशीच वळण असलं की क्रॉसवर वारा एका बाजूने आदळतो आणि के-फॅक्टर बरोबर असूनही रीडिंग फसतं. काम झालं की त्याच तिन्ही डिफ्यूझरवर हूड लावा आणि आकडे इथे टाका.