चवथीला घरी शिवलेले कपडे भेट द्यायचे का?
(चर्चा. प्रत्येक मताच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उरेब पट्टी
गणपतीला घरच्यांना नवे कपडे घेतलेच जातात. ते बाजारातून आणण्यापेक्षा घरी शिवून द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. अट एकच: काम मे महिन्यात सुरू करा, श्रावणात नाही. आपल्याकडे पाऊस लागला की भिजवलेलं सुती कापड वाळायलाच दोन-तीन दिवस घेतं. मग घाईत कोरंच कापड कापलं जातं आणि पहिल्या धुण्यात आटतं. आटणं उभ्या धाग्यात जास्त असतं. 5 टक्के धरलं तरी 40 इंच लांबीचा झब्बा 38 वर येतो आणि "घरचं शिवलेलं असंच असायचं" हे ऐकून घ्यावं लागतं.

झब्ब्याचं कापड असं धरा. छाती 40, वर 5 इंच सैल, लांबी 40. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 44 इंच असेल तर पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक बसतो, बाह्या बाजूच्या उरलेल्या कापडात निघतात. आटणं धरून अडीच मीटर पुरतं. खादीचा पन्हा 36 निघाला तर बाह्या बाजूला मावत नाहीत, खाली घ्याव्या लागतात. मग सव्वातीन मीटर. दुकानदार "अडीचमध्ये आरामात होतो" म्हणाला की आधी पन्हा विचारा.

बाजारपेठ
हिशेब अर्ध्यावर सोडलात. साधं सुती कापड मीटरला दीडशे धरलं तर अडीच मीटरचे पावणेचारशे. बकरम (कॉलर ताठ ठेवणारं आतलं कापड), बटणं, दोरा मिळून पन्नासेक. म्हणजे सव्वाचारशे रुपये नुसत्या सामानाचे. तेवढ्यात कणकवलीला काय, चिपळूणला काय, तयार झब्बा मिळतो आणि नाही बसला तर बदलूनही मिळतो. घरी शिवलेला कोण बदलून देणार?

वेळेचं तर बोलूच नका. नवख्या हाताला एका झब्ब्याला आठ-दहा तास लागतात. घरात सहा माणसं असली तर पन्नास-साठ तास. आणि साध्या मशीनवर ना काज होतं, ना इंटरलॉक (सुटी कड दोऱ्याने बंद करणारी शिलाई). आतून दशा लोंबणारा कपडा भेट म्हणून कसा द्यायचा?

उरेब पट्टी
दशा लोंबतात त्या शिवणाऱ्यामुळे, मशीनमुळे नव्हे. इंटरलॉक नसेल तर बंद शिवण घाला. कापडाच्या उलट्या बाजू आत, सुलट्या बाहेर, अशी पहिली टीप दोन सुतांवर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कडा एक सूत ठेवून छाटा, इस्त्री फिरवा, कापड उलटवा आणि दुसरी टीपही दोन सुतांवर. पहिली कड आत बंद होते. यासाठी माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड, अर्धा इंच लागते, हे कापतानाच धरा. नंतर लक्षात आलं तर झब्बा छातीत आवळतो. छाटायचा कंटाळा केला तर मधूनच धागे सुलट्या बाजूला डोकावतात, तेही खरं.

मुंढ्याला (बाही जोडतात त्या वळणाला) मात्र बंद शिवण घालू नका. वळणावर ती जाड होते, काखेत टोचते. तिथे साधी टीप आणि वरून उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी. काजं हाताने करता येत नसतील तर झब्बा शिंप्याकडे फक्त काजांपुरता द्या.

चवथीचो पावणो
तुमचा सगळा बरा आसा. पण चवथीक घरात पंधरा माणसा, शिवणार कोण आनि रांधणार कोण?

पायमशीन
दोघेही पावसाळ्यातल्या मशीनबद्दल बोलतच नाही आहात, खरी गोची तिथेच होते. कातडी पट्टा दमट हवेत सैल होतो, मग चाक फिरतं पण सुई अडखळते. लोक दोऱ्याचा ताण पिळत बसतात. आधी पट्टा बोटाने दाबून बघा. लगेच खाली गेला तर आकडा काढून पाव-अर्धा इंच कापा आणि परत जोडा. फार आखूड केला तर पायंडल जड जातं.

दुसरं, टाचण्या रात्रभर कापडात ठेवू नका. आपल्या हवेत त्यांना गंज चढतो आणि पांढऱ्या कापडावर तांबूस ठिपका पडतो. तो साबणाने जात नाही. सुई आठवडाभर मशीनला तशीच राहिली असेल तर सरळ बदला. सुती झब्ब्याला 14 नंबर, मलमलीला 11. तेल घातल्यावर चिंधीवर चार-पाच टिपा मारून मगच भेटीचं कापड दाबाखाली घ्या. आणि वीज गेल्यावर पायमशीन चालतं, विजेवरचं नाही, एवढं तरी मान्य करा.

मापाचा ब्लाउज
माझा विरोध वेगळा आहे. कुणाला काय शिवून द्यायचं हेच लोकांना कळत नाही. आईला, सासूला ब्लाउज शिवून "सरप्राइज" देण्याच्या फंदात पडू नका. ब्लाउजला छातीचं माप अर्धा इंच हललं तरी कपडा वाया. मुंढा, गळ्याची खोली, टक्सची (आकारासाठी घातलेल्या चुण्यांची) टोकं, सगळं त्याच अंगावर बसावं लागतं. कपाटातून जुना ब्लाउज पळवून माप घेतलं तरी तो कुठे उसवून सैल केलाय ते बघायला हवं. आतली जुनी टिपेची रेघ दिसते. द्यायचाच तर बाजूंना दीड इंच माया सोडा आणि हुकांची शेवटची टीप कच्ची ठेवा.

बाजारपेठ
म्हणजे भेट द्यायची आणि वर उसवायचं कामही द्यायचं. वा!

शिवणक्लास
बाजारपेठ यांचं वेळेच्या बाबतीत खरं आहे. त्यात सगळ्यांना एका ताग्यातलं कापड घालून फोटो काढायची जी टूम निघाली आहे, ती घरच्या शिवणाऱ्याला मारते. तागा संपला की दुसऱ्या ताग्याची छटा थोडी वेगळी येते आणि ती उन्हातच दिसते, दुकानाच्या दिव्यात नाही. मोठ्यांचं बाजारातून आणा. पण लहान मुलींच्या परकराला तयार कपडा जवळ येत नाही, कारण तयार परकरात वाढीची सोय नसते.

पाच वर्षांच्या मुलीला: कंबर 21, लांबी 22. नेफ्याला 2 इंच, खाली दुमड 2 आणि एकेक इंच खोल दोन टक्स (आडव्या दुमडी, त्यात कापड दुप्पट जातं) म्हणजे आणखी 4. एकूण 30 इंचांचे दोन पन्हे, आटणं धरून पावणेदोन मीटर. 44 पन्ह्यात घेर 86-87 इंच भरतो. पुढच्या चवथीला एक टक उसवला की परकर 2 इंचांनी उतरतो. टक्सना जरा मोठी टीप घाला, म्हणजे उसवताना कापड फाटत नाही. लाल खण घेतला तर आधी ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून रंग बघा. रंग सुटत असेल तर फिक्या पोलक्याला तो काठ लावू नका.

बाजारपेठ
परकर मान्य. झब्बा अजिबात नाही. उभी कॉलर घरी कुणाची सरळ बसलीय? दोन धुण्यांत फुगे येतात.

उरेब पट्टी
फुगे येतात ते कोरं कापड आटतं आणि चिकटवलेलं बकरम आटत नाही म्हणून. कापड आणि बकरम दोन्ही आधी भिजवा. चिकटणारं बकरम कोमट पाण्यात न पिळता, आणि सावलीत वाळवा. चिकटवताना इस्त्री घासू नका. एका जागी दहा-पंधरा सेकंद दाबून उचला आणि थंड होईपर्यंत कॉलर हलवू नका. बकरम मायेच्या आत एक सूत कमी कापा, नाहीतर टोकाला गाठ बसते आणि कॉलर उलटत नाही.

चवथीचो पावणो
ह्या सगळा मे महिन्यात करूचा म्हणजे आंब्याच्या पेट्या कोण भरतलो?