नोकरी गेली आहे. पेशाही सोडावा का?

बी-३०२ :
नमस्कार. हा ग्रुप पाणी, लिफ्ट आणि पार्किंगच्या सूचनांसाठी आहे याची मला कल्पना आहे. तरीही अध्यक्षांची परवानगी घेऊन लिहिते आहे, कारण मला हवी असलेली माहिती आपल्याच चार विंगमधल्या माणसांकडे आहे. ज्या जाहिरात संस्थेत मी अकरा वर्षे सात महिने मांडणीचे आणि अक्षररचनेचे काम केले, तिथून मला गेल्या महिन्यात कमी करण्यात आले. आमच्या विभागातले सहा जण एकाच दुपारी गेले. चित्रे आणि मजकूर आता संगणकच तयार करून देतो, उरलेले काम दोघांत भागते, असे आम्हाला सांगण्यात आले.

माझे वय ४२ आहे, मुलगा नववीत आहे आणि घराचे हप्ते अजून सहा वर्षे चालायचे आहेत. यांच्या पगारात घर चालते, पण हप्ता गेल्यावर हातात काही उरत नाही. पंधरा दिवसांत मला तीन सल्ले मिळाले : बी.एड. करून शिक्षिका हो, विम्याची एजन्सी घे, घरगुती पदार्थांची विक्री सुरू कर. तिन्ही मायेपोटी दिलेले आहेत आणि मी एकही हसण्यावारी नेत नाही. मात्र माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. नोकरी गेली म्हणजे पेशाही गेला असे धरावे का, आणि धरायचे असेल तर किती वाट पाहून? ज्यांनी स्वतः असा बदल केला आहे त्यांनी कृपया आकड्यांसह लिहावे. धीर देणारी माणसे घरात आहेत. मला हिशेब हवा आहे.

सी-१०४ :
ताई, पेशाचा निर्णय थोडा बाजूला ठेवून आधी येणे वसूल करावे, असे मी आग्रहाने सांगेन. तुमच्या हिशेबाच्या कागदावर ग्रॅच्युइटी किती वर्षांची धरली आहे?

बी-३०२ :
अकरा वर्षांची. मूळ पगार २८,००० रुपये होता, महागाई भत्ता नव्हता.

सी-१०४ :
मग तो कागद परत पाठवावा. सहा महिन्यांहून अधिक झालेली सेवा पूर्ण वर्ष धरली जाते, म्हणजे तुमची बारा वर्षे होतात. मूळ पगाराला २६ ने भागून १५ ने गुणायचे आणि मग वर्षांनी गुणायचे : २८,००० वर बारा वर्षांचे सुमारे १,९३,८४६ रुपये होतात, अकरा वर्षांचे १,७७,६९२. सोळा हजारांचा फरक पडतो, आणि आज तुमच्या घरात सोळा हजार म्हणजे महिन्याचा किराणा आणि मुलाची शिकवणी आहे. तुमच्याकडून राजीनामा लिहून घेतला असला तरी या हक्काला बाध येत नाही, कारण ग्रॅच्युइटीसाठी लागणारी पाच वर्षे कधीच पूर्ण झाली आहेत. भविष्य निर्वाह निधीचे खाते शक्यतो मोडू नये. कंपनीचा आरोग्य विमा संपला असेल, तर त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का, हे उद्याच विचारावे. त्यात दिवस घालवू नयेत. कागद घेऊन संध्याकाळी घरी या, पत्राचा मसुदा मी करून देतो.

ए-२०३ :
मी ३१ वर्षे शाळेत शिकवले, म्हणून बी.एड.बद्दल स्पष्ट लिहिते. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आहे. प्रवेश परीक्षा, दोन वर्षांची फी आणि त्या काळात न मिळणारे उत्पन्न, असा सगळा खर्च धरावा. त्यातून तुमची पदवी उपयोजित कलेची. कलाशिक्षकाच्या पदासाठी कलाशिक्षक पदविका मागतात, ती वाट आणखी वेगळी आहे. आमच्या शाळेत चित्रकलेच्या बाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांचे पूर्णवेळ पद भरलेच गेले नाही. आता एक मुलगी तासावर येते, दोन दिवस. तुम्हाला शिकवण्याची ओढ असेल तर अवश्य यावे, पण केवळ सुरक्षित वाटते म्हणून या वाटेला येऊ नये.

एक गोष्ट मात्र सुचवते. शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्हींत, भूमितीबरोबर अक्षरलेखन असते. इंटरमीजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालक मनापासून विचारतात. स्थिरचित्र शिकवणारे पुष्कळ आहेत. अक्षर शिकवणारे मला आसपास एकही माहीत नाहीत. मुले तिथेच गुण घालवतात. माझ्या नातीसकट तीन मुली मी शनिवारी पाठवते.

डी-४०१ :
काकू, आमच्या कंपनीत अ‍ॅपचे मराठीकरण बाहेर दिले जाते. बटणावर जोडाक्षर तुटणे, वेलांटी कापली जाणे, हे तपासायला मराठी वाचणारी नजर लागते. काम तुकड्यातुकड्यांनी मिळते, नियमित नसते; पण तुमचे नमुने मी पुढे पाठवू शकतो.

बी-००४ :
पोरी, मी या प्रसंगातून गेलो आहे म्हणून सविस्तर लिहितो. १९९८ साली माझ्याकडे पाट्या रंगवायला चार मुले होती. पुढे फ्लेक्स आला. दोन दिवसांची पाटी दोन तासांत छापून मिळू लागली आणि तीही निम्म्या पैशांत. लोक पुन्हा ब्रशकडे वळतील या आशेवर मी दीड वर्ष काढले. त्या दीड वर्षात तुझ्या काकूच्या बांगड्या गहाण पडल्या. माझी चूक काय झाली ते सांगतो. मी पेशा धरून ठेवला ही चूक नव्हे. किती दिवस आणि किती पैसे लावून धरून ठेवायचा, हे मी ठरवले नव्हते.

चार मुलांपैकी दोघे घरे रंगवण्याच्या ठेक्यात गेले आणि त्यांचे चांगले झाले. मी अ‍ॅक्रिलिक आणि पितळेची अक्षरे कापून घेऊन पाट्या करू लागलो. यंत्र अक्षर कापते, पण 'ट'नंतर 'र' आला तर अंतर किती ठेवायचे, हे बघणारा माणूस लागतोच. दुकानांवर मराठी पाटी सक्तीची करणारी दुरुस्ती २०२२ मध्ये झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा रात्री जागून पाट्या केल्या. घाईत लावलेल्या कितीतरी पाट्यांवर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत, रफार भलत्याच अक्षरावर आहे. त्या बदलून घेणारे दुकानदार अजून येतात. माझे डोळे आता साथ देत नाहीत. मांडणी तू करावीस, पाटीमागे ठरवून पैसे घ्यावेस.

बी-३०२ :
आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, हे माझ्यासाठी फार मोठे आहे. काका, रफाराचे वाचून थांबले. शेवटच्या आठवड्यात एका दागिन्यांच्या जाहिरातीसाठी संगणकाने काढलेल्या चित्रात 'सौंदर्य' शब्दाचा रफार 'य' सोडून 'द'वर बसला होता. छपाईला जाण्याआधी तो मी पकडला आणि तीन दिवसांनी मला कमी केल्याचे पत्र मिळाले. तेव्हापासून या कामाची कुणाला गरजच नाही, अशी माझी समजूत झाली होती.

यांच्याशी बोलून असे ठरवले आहे. ग्रॅच्युइटीतले एक लाख रुपये सहा महिन्यांसाठी वेगळे ठेवायचे, त्याला बाकी कशासाठी हात लावायचा नाही. त्या मुदतीत शिकवणी, पाट्या आणि मराठीकरण मिळून महिन्याला निदान १५,००० रुपये येऊ लागले, तर याच कामात राहीन. नाही आले, तर नोकरीच्या दुसऱ्या वाटा शोधेन, विम्याचीसुद्धा, आणि ते मनापासून करेन. दादा, कागद घेऊन आज सातला येते. बाई, शनिवारी चार वाजता मुलींना पाठवावे. पहिला महिना फी नको, मला शिकवता येते का हे आधी पाहू द्या. काका, सोमवारी अकराला तुमच्या कारखान्यावर येते. पट्टी आणि ट्रेसिंग पेपर माझ्याकडे आहे. आणखी काही आणू का?

बी-००४ :
पायात बूट घालून ये. खाली अ‍ॅक्रिलिकच्या कपच्या पडलेल्या असतात.