‘रिटेनर’ला मराठीत काय म्हणायचं?

पत्रकवाली
मदत हवी आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यासाठी पेशंटना द्यायचं चार पानी पत्रक मराठीत करतेय. विषय वाकडे दात सरळ करण्याचा. आधीचा मजकूर कुणीतरी यंत्राकडून करून घेतलेला, माझ्याकडे दुरुस्तीला आला. त्यात ‘प्रत्येक दातावर कंस चिकटवला जातो’ असं होतं. आधी मामा आठवला, मग गणिताचं पुस्तक, मग उजेड पडला की हा ब्रॅकेट. तो निस्तरला. अडलंय शेवटच्या पानावर. तारा काढल्यावर दात पुन्हा जागेवरून हलू नयेत म्हणून जे घालायला देतात ते रिटेनर. मजकुरात त्याचा ‘धारक’ झालाय. ‘धारकाने धारक रात्री परिधान करावा.’ सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, रेशनकार्ड पण आणायचं का? घरगुती शब्द आहे का कुणाकडे? शुक्रवारी छपाई आहे.

जुनीपेठ
आहे की. क्लिप.

पत्रकवाली
तिथेच घोळ आहे. सासूबाईंच्या मते काढता-घालता येते ती क्लिप, आणि चिकटवलेली असते ती तार.

जुनीपेठ
सासूबाईंचा मान राखून सांगतो, चूक. भाचीला दोन वर्षं चिकटवलेल्या होत्या, अख्खं सिडको ‘तिला क्लिपा लावल्यात’ म्हणायचं. तार म्हणजे कपडे वाळत घालायची.

तारेवरची_कसरत
माझा धंदाच हा, म्हणून दोन शब्द. माझ्या खुर्चीत बसणारे क्लिप, तार, ब्रेसेस सगळं म्हणतात. एक आजी ‘दाताची साखळी’ म्हणायच्या. खरं तर दातावर चिकटतो तो ब्रॅकेट, त्याच्या खाचेतून जाते ती तार. तार दाताला ओढते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. वाकवून बसवलेली तार आपल्या मूळ आकारात यायला बघते आणि जाताना दाताला सोबत नेते. सुरुवातीच्या तारा बहुधा निकेल-टायटॅनियमच्या असतात, त्यांच्यात हा गुण भरपूर. दाताच्या मुळाचा दाब ज्या बाजूला पडतो तिथलं हाड झिजतं, मागच्या बाजूला नवं भरतं. हे नवं हाड आणि मुळाभोवतीचे तंतू पक्के होईस्तोवर दात जागेवर धरायचे, ते रिटेनरचं काम. शब्द मात्र माझ्याकडे नाही. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला असलं तरी आम्ही पेपर इंग्रजीतच लिहिले.

शुद्धोदक
‘दंतस्थिरक’. अर्थ स्पष्ट, घडण निर्दोष. तसंच ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरला, वक्रदंततज्ज्ञ, ओव्हरबाईटला अतिदंश. सावरकरांचं जन्मगाव भगूर इथून हाकेच्या अंतरावर आहे हे नाशिककरांनी तरी विसरू नये. त्यांनी घडवलेला ‘महापौर’ आज कुणाला खटकतो?

जुनीपेठ
वक्रदंततज्ज्ञ म्हणजे ज्याचे स्वतःचेच दात वाकडे असा तज्ज्ञ? आणि अतिदंश झाल्यावर सिव्हिलला न्यायचं का?

शुद्धोदक
हसा. पण पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात खास पुढे आलेल्या दातांसाठी प्रत्यय सांगितलाय, ‘दन्त उन्नत उरच्’. त्यावरून दंतुर. नुसते दात असून भागत नाही, ते पुढे आलेले हवेत. इतका नेमका शब्द आपण भूगोलाच्या पुस्तकात कोकणच्या किनाऱ्याला देऊन टाकला आणि माणसांसाठी ‘फावडे’ ठेवला.

तारेवरची_कसरत
हा शब्द मी उचलला! कारण रोजचा गोंधळ इथेच होतो. वरचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत हे आडवं अंतर, तो ओव्हरजेट. वरचे दात खालच्यांना वरून किती झाकतात हे उभं माप, तो ओव्हरबाईट. पेशंट दोन्हीला ‘दात पुढे’ म्हणतात. दंतुर फक्त पहिल्याला बसतो. आणि शुद्धोदकजी, थोडा ओव्हरबाईट बहुतेकांना असतो, असायलाच हवा. त्यामुळे तुमच्या शब्दातला ‘अति’ जरा अतीच होतो.

निफाडकर
मी द्राक्षवाला, यातलं फार कळत नाही. मुलीला तारा लावल्या तेव्हा डॉक्टर मॅडम बराच वेळ चित्रं काढून समजावत होत्या. मी म्हटलं, मॅडम, दातांना वळण लावायचंय, एवढंच ना? बागेत आम्ही दुसरं काय करतो? कोवळी काडी तारेवर घ्यायची, सुतळीने बांधायची, ओलांडा, म्हणजे वेलीची आडवी फांदी, हवा तिकडे न्यायचा. घाई करून ओढली की मोडली. काडी पिकेपर्यंत सुतळी सोडायची नाही. तुमचं रिटेनर म्हणजे ती सुतळी.

पत्रकवाली
निफाडकर, पहिल्या पानाचं शीर्षक मिळालं: ‘दातांना वळण लावताना’. वेलीला वळण, अक्षराला वळण, पोरांना वळण. तिन्हीकडे जोर कमी आणि चिकाटी जास्त लागते.

जुनीपेठ
पण ‘नात अगदी आजीच्या वळणावर गेलीय’ म्हणतो तेव्हा? तिथे कुणी काही लावलेलं नसतं, रक्तातून आलेलं असतं. आमच्याकडे जबडा आजीचा आणि दात आजोबांचे आले, जागा पुरली नाही, म्हणून तर उपदाढा काढाव्या लागल्या. आजारालाही वळण आणि औषधालाही वळण?

पत्रकवाली
जन्मतः असते ती ‘ठेवण’ ना? चेहऱ्याची ठेवण.

जुनीपेठ
ठेवण कुणीतरी ठेवलेली असते. आमच्या बहिणीला बघायला आलेले म्हणाले होते, ‘ठेवण छान आहे, फक्त दात…’ आणि पुढचं चहाबरोबर गिळलं. बाबांनी पोहे परत मागवले नाहीत एवढंच.

शुद्धोदक
मूळ मुद्दा. वळणे म्हणजे दिशा सोडणे. दात सरळ करायचे आणि शब्द वळणाचा? ग्रीक ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ. व्युत्पत्ती तरी पाळा.

ग्रंथाळलेला
व्युत्पत्तीच पाळायची तर तिच्या मोठ्या बहिणीकडे बघा, ऑर्थोपेडिक्सकडे. १७४१ मध्ये निकोलस आंद्री नावाच्या फ्रेंच वैद्याने ‘सरळ’ आणि ‘मूल’ हे दोन ग्रीक शब्द जोडून तो बनवला, मुलांच्या शरीरातली व्यंगं टाळण्या-सुधारण्यासाठी. त्याच्या पुस्तकातलं चित्र प्रसिद्ध आहे: वाकडं झाड, शेजारी सरळ खुंट, दोघांना आवळून बांधलेली दोरी. हाडांच्या डॉक्टरांच्या कितीतरी संघटनांनी ते बोधचिन्ह म्हणून घेतलंय. म्हणजे ‘सरळ’ म्हणताना त्याच्याही डोळ्यापुढे निफाडकरांची बागच होती. बांधल्याशिवाय सरळ होत नाही आणि वळवल्याशिवाय बांधता येत नाही.

निफाडकर
फ्रान्समध्येही द्राक्षं असतात म्हणा.

तारेवरची_कसरत
चित्र सुंदर, पण पत्रकात सुतळी लिहू नका, हात जोडतो. काडी पिकते, मग सुतळी सोडली तरी चालते. दात तसे पिकत नाहीत. बऱ्याच वर्षांनीही थोडे सरकतात, विशेषतः खालचे पुढचे. ज्यांनी जन्मात तार पाहिली नाही त्यांचेही सरकतात. ‘डॉक्टर, हे कधी सोडायचं?’ याला मी म्हणूनच तारीख देत नाही. सुतळी वाचली की लोक सहा महिन्यांत ‘पिकलं’ म्हणून कपाटात टाकतील.

निफाडकर
मग राखण म्हणा. पाखरं येतातच, माल गाडीत चढेपर्यंत राखण सुटत नाही.

तारेवरची_कसरत
आमच्याकडे माल कधीच गाडीत चढत नाही.

जुनीपेठ
सरळ कवळी का नाही म्हणत? दिसायला भाऊबंदच.

पत्रकवाली
चौदा वर्षांच्या मुलीला ‘ही तुझी कवळी’ म्हणून बघा. दवाखान्याची पायरी परत चढणार नाही.

शुद्धोदक
कवळी ‘कवळणे’पासून. हिरड्यांना मिठी मारते ती.

ग्रंथाळलेला
मला वाटतं ‘कवळ’पासून. कवळ म्हणजे घास. दात गेल्यावर घास खाता यावा म्हणून ती.

जुनीपेठ
आजोबा कवळी काढून ठेवायचे आणि मगच जेवायचे. तुमची व्युत्पत्ती आमच्या घरी चालणार नाही.

पत्रकवाली
मंडळी, शुक्रवार! शब्द ‘रिटेनर’च ठेवते आणि खाली एक ओळ देते: ‘दातांची नवी ठेवण राखणारी पट्टी’. चालेल?

निफाडकर
पट्टी म्हणजे आमच्याकडे माल विकल्यावर अडत्या देतो तो हिशोबाचा कागद. पिंपळगावकडचे पेशंट बिल समजतील.

तारेवरची_कसरत
बिल वेगळं देतो.

शुद्धोदक
‘कवळ’ मला मान्य नाही. संध्याकाळी कोश काढून सविस्तर लिहितो.